खडक टेस्टिंग लॅबचा रिव्ह्यू: स्पीड बरोबर सांगितला, बिट कसं मरणार ते नाही सांगितलं

आमचं काम होल मारायचं. घाटातल्या रस्त्याचं कटिंग असतं, कधी क्रशरवाल्याच्या खाणीत बेंच ड्रिलिंग (पायरीपायरीने खडक तोडायला होल मारणं) असतं, ११५ मिमीची डीटीएच होल (हवेवर ठोकणारा हॅमर बिटसोबत होलमध्येच उतरतो ती) मारून द्यायची, सुरुंग दुसरा भरतो. पैसे मीटरवर. म्हणजे तासाला किती मीटर जाणार आणि एक बिट (हॅमरच्या पुढचं दगड फोडणारं टोक) किती मीटर टिकणार हे दोन आकडे आधी कळले तर रेट नीट टाकता येतो, नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार. आमच्या लाईनमध्ये नव्वद टक्के लोक जागेवर जातात, दगडावर हातोडा मारतात, आवाज ऐकतात, "काळा पाषाण आहे, एवढा पडेल" म्हणतात आणि कोटेशन देतात. मी पण तसंच देत आलोय आणि बऱ्याचदा जमतं. पण यावेळी काम मोठं होतं, सह्याद्रीत घाटाच्या वरच्या अंगाला लांबलचक कटिंग, आणि मेन कॉन्ट्रॅक्टरकडे आधीच मारलेले कोअर (खडकातून काढलेले दंडगोल नमुने) पेटीत पडून होते, तर म्हटलं एकदा लॅबला पाठवून बघू.

लॅब पुण्याकडची आहे, प्रायव्हेट. नाव टाकत नाही कारण खाली एक तक्रार पण लिहिलीय आणि माणसं चांगली आहेत, उगाच त्यांच्या धंद्यावर कशाला. धरण-बोगद्याच्या मोठ्या सरकारी कामांसाठी खडकवासल्याचं सीडब्ल्यूपीआरएस किंवा दिल्लीचं सीएसएमआरएस वगैरे सरकारी संशोधन केंद्रं आहेतच, पण आमच्यासारख्या दोन क्रॉलर ड्रिल मशीनवाल्याने तिथे जाऊन काय सांगायचं, म्हणून ही. खर्च म्हणाल तर चार-पाच चांगल्या बिटांच्या पैशात सगळं पॅकेज बसलं, वर जीएसटी. छोट्या कामाला परवडणार नाही हे आधीच सांगतो.

पॅकेजमध्ये काय मिळतं: दाबाखाली खडक किती सोसतो ती टेस्ट, पॉइंट लोड (तुकडा दोन टोकांमध्ये दाबून फोडतात ती), पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली खनिजं मोजतात ते, सर्चार (दगड किती घासतो ते), आणि डीआरआय (दगडात स्पीड किती मिळेल ते). पहिल्या दोन सगळ्यांना माहीत असतात. गंमत शेवटच्या दोनमध्ये आहे आणि पैसे पण त्याचेच जास्त घेतात.

डीआरआय म्हणजे ड्रिलिंग रेट इंडेक्स, नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइमच्या लोकांची पद्धत, जुनी आहे आणि बोगदेवाले जगभर वापरतात. दोन टेस्टवरून निघतो. एकात खडकाची ११.२ ते १६ मिमीची खडी घेऊन त्यावर १४ किलोचं वजन २० वेळा पाडतात आणि मग ११.२ च्या चाळणीतून किती टक्के खाली पडली ते बघतात, म्हणजे दगड ठोक्याला किती फुटतो. दुसऱ्यात ८.५ मिमीचं बारीक ड्रिल २०० फेरे फिरवतात आणि भोक किती खोल गेलं ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणजे वरून किती टणक आहे. दोन्ही आकडे तक्त्यात टाकले की इंडेक्स. ४३ ते ५७ म्हणजे मध्यम, त्याच्या खाली गेलात की स्पीड पडणार, ५८ च्या वर असाल तर मजा. मला ही टेस्ट आवडली कारण आमचा हॅमर पण हेच करतो ना, ठोकतो आणि थोडं फिरवतो. नुसत्या स्ट्रेंग्थवरून स्पीड काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, दोन दगडांची स्ट्रेंग्थ सारखी असू शकते पण एक काचेसारखा तडकतो आणि दुसरा चिवटपणे मार खात बसतो, होल मारताना दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सर्चार मी समोर उभं राहून बघितली, त्यांनी बघू दिली हा एक पॉइंट त्यांच्या बाजूने. फ्रेंच कोळसा खाणवाल्यांच्या संशोधन केंद्रातून आलेली टेस्ट आहे. शिशपेन्सिलीएवढी पोलादी पिन, टोक ९० अंशाचं, वर ७० न्यूटनचा भार म्हणजे साधारण सात किलो, आणि फोडलेल्या दगडावर फक्त १० मिमी ओरखडा ओढायचा. बस. करकर असा आवाज येतो आणि संपलं. मग पिन मायक्रोस्कोपखाली धरून टोक किती सपाट झालं ते मोजायचं, ०.१ मिमी सपाट झालं तर आकडा १, ०.३ झालं तर ३. पाच वेगवेगळ्या पिना, पाच ओरखडे, मग सरासरी. तिथल्या मुलीने मला दोन पिना बाजूबाजूला दाखवल्या, एक आमच्या बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची, आणि एक कुठल्यातरी गारेने (क्वार्टझने) भरलेल्या खडकाची, दुसऱ्या पिनेचं टोक शिल्लकच नव्हतं हो, नुसता चपटा गोल. आमच्या पिनेला जेमतेम झिजल्याची खूण.

इथे लॅब घेताना एक बघा. रिपोर्टवर पिनेचं पोलाद किती कडक ते लिहिलंय का. एएसटीएमच्या (अमेरिकन) स्टँडर्डप्रमाणे कडकपणा रॉकवेल मापात ५५ पाहिजे, मऊ पिन वापरली की आकडा आपोआप वर जातो. आणि ओरखडा फोडलेल्या भागावर ओढला की करवतीने कापलेल्या भागावर, कारण कापलेल्यावर आकडा कमी येतो आणि मग त्यात दुरुस्ती करावी लागते. या लॅबने दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. बाकी काही रिपोर्ट मी बघितलेत, नुसतं "सर्चार: २.१" आणि खाली सही, त्याचं लोणचं घालायचं का.

आता स्पीडचं. इथे लॅबला पैकीच्या पैकी. सँपल घ्यायच्या आधी त्यांनी एक फॉर्म पाठवला, त्यात कॉम्प्रेसर किती सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा देतो), हॅमरला प्रत्यक्षात प्रेशर किती मिळतं, बिटचा डायमीटर, बटणं (बिटच्या तोंडावर बसवलेले कार्बाइडचे गोळे) गोल की टोकदार, रॉड किती मीटरचा. मला वाटलं दगड तपासायला माझ्या कॉम्प्रेसरशी काय देणंघेणं, पण बरोबरच आहे, डीटीएच हॅमर हवेवर ठोकतो, प्रेशर पडलं की स्पीड पडलाच, दगड कितीही मऊ असो. खडक एकच पण एकाचा नवा कॉम्प्रेसर आणि दुसऱ्याचा दहा वर्षं घासलेला, तर दोघांना सारखा स्पीड कसा मिळेल. म्हणून रिपोर्टमध्ये एक ठोक आकडा नव्हता, प्रेशरप्रमाणे वरचा-खालचा पट्टा होता, घट्ट काळ्या पाषाणासाठी एक आणि मांजऱ्या खडकासाठी (भोकाभोकाचा बेसॉल्ट) वेगळा. खाली ठळक लिहिलं होतं की हा फक्त बिट दगडात चालू असतानाचा स्पीड आहे, रॉड बदलणे, गाडी हलवणे, होलचं तोंड धरणे, चहा, यात धरलेलं नाही. (चहा त्यांनी नव्हतं लिहिलं, मी घातलं.) ही ओळ वाचून न वाचल्यासारखी करणारे खूप आहेत, रिपोर्टचा स्पीड गुणिले आठ तास करतात आणि मग महिन्याच्या शेवटी ऑपरेटरच्या नावाने बोंब मारतात.

साइटवर घट्ट पाषाणात आमचा स्पीड त्यांच्या पट्ट्याच्या मधोमध आला. मांजऱ्यात पट्ट्याच्या वरच्या टोकाला. मी तर अपेक्षाच सोडली होती. आणि पहिली बेंच झाल्यावर त्यांच्या इंजिनिअरचा स्वतःहून फोन, "दादा, तुमच्या ऑपरेटरची रॉडप्रमाणे वेळेची वही असेल तर फोटो पाठवा, मी पुढच्या बेंचचा आकडा बसवून देतो." वही होतीच. आमच्याकडे जुना ऑपरेटर आहे, सगळे मामा म्हणतात, तो प्रत्येक रॉड किती मिनिटात गेला, धूळ कुठल्या रंगाची आली, हॅमरचा आवाज कसा होता हे सगळं मळक्या वहीत लिहितो, अक्षर भयानक, पण लिहितो. त्या फोटोंवरून त्यांनी पुढचा आकडा सुधारून दिला, जादा पैसे न घेता. अशी सर्व्हिस कोण देतो सांगा आजकाल.

आता तक्रार, आणि ही नीट वाचा कारण पैसे इथे जातात.

रिपोर्टमध्ये बिटच्या झिजेचा अंदाज होता. सर्चार दोनच्या आसपास, म्हणजे मध्यम खान्यात खालच्या काठाला, गार जवळपास नाहीच. बेसॉल्टमध्ये असतं काय, फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन, दोन्ही गारेपेक्षा मऊ, घासण्याच्या हिशोबाने फेल्डस्पार गारेच्या एक तृतीयांशाच्या घरात धरतात. टंगस्टन कार्बाइडच्या बटणाला त्याने काय होणार. त्यामुळे "बिट लाइफ: चांगलं" असं लिहून, सोबत भलामोठा मीटरचा आकडा. वाचून मी खूश, बिटची ऑर्डर कमी दिली.

झालं काय, की झीज खरंच कमी झाली. बटणं सपाट झालीच नाहीत. बिट बाहेर काढून बघावं तर बटणं चकाचक, पॉलिश मारल्यासारखी, नवीनच वाटावीत. आणि मग एक दिवस होलमधून वर आलं ते कडेची दोन बटणं तुटलेलं बिट, तुटलेला कार्बाइड तळाला, त्यावर बाकीची बटणं आपटून तीही गेली, ते होल पण सोडावं लागलं. मामाने दुसरं चालू बिट काढलं, डिझेलने धुतलं, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला आणि म्हणाला, "साहेब, हे बघा, कातडी धरली याने." भिंगातून बघितलं तर बटणाच्या चकचकीत डोक्यावर बारीक बारीक चिरांची जाळी, सापाच्या कातडीसारखी. बिट बनवणारे पण याला हेच म्हणतात, स्नेक स्किन. ज्या दगडात घासणारं काही नसतं तिथे बटणाचा वरचा थर झिजून निघून जात नाही, तोच थर लाखो ठोके खातो, थकतो, बारीक तडे जातात आणि तडा आत उतरला की बटण फुटतं. गारेच्या दगडात हा थर रोज घासून जातो म्हणून तडे वाढायला वेळच मिळत नाही. म्हणजे घासणारा दगड बिटला हळूहळू खातो आणि न घासणारा एका झटक्यात मारतो.

यावर उपाय साधा आहे आणि कुठल्याही बिट कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. एरवी नियम असा की बटणाचा सपाट भाग त्याच्या डायमीटरच्या एक तृतीयांश झाला की ग्राइंड करायचं. घट्ट बेसॉल्टमध्ये त्या खुणेची वाट बघायची नाही, ठराविक मीटर झाले की बटण चांगलं दिसत असलं तरी ग्राइंडिंगला घ्यायचं आणि कातडी काढून टाकायची. दिसायला नवीन असलेलं बिट ग्राइंडिंगला टाकताना हात आखडतो, पण टाकायचं. आणि टोकदार बॅलिस्टिक बटणं घट्ट पाषाणात नकोत, स्पीड जरा जास्त देतात पण तुटतात, गोल बटणंच बरी.

माझं म्हणणं एवढंच की रिपोर्टमध्ये एक ओळ पाहिजे होती. "झीज कमी, पण बटण फुटण्याची शक्यता, ग्राइंडिंग मीटरवर करा." त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही, फोनवर विचारलं तर त्यांचा इंजिनिअर लगेच म्हणाला हो हो, स्नेक स्किन. मग लिहा ना बाबा! झिजेचा अंदाज आणि बिट किती टिकेल याचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रिपोर्टने दोन्ही एकाच रकान्यात कोंबल्या. ते कोष्टक टीबीएमच्या (बोगदा कोरणाऱ्या मशीनच्या) कटर रिंगवाल्यांच्या डोक्यातून आलंय, तिथे झीज हाच मुख्य प्रश्न असतो. बटण बिटला ते जसंच्या तसं लावलं की माझ्यासारखा मार खातो.

याच्या उलट उदाहरण पण देतो. देगलूरच्या बाजूला, नांदेड जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यात बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, तिथे आम्ही काम केलंय. तिथे बटणं प्रामाणिकपणे सपाट होतात, कडेची आधी, बिटचा डायमीटर कमी होत जातो, आणि मग नवीन बिट जुन्या होलमध्ये अडकतं म्हणून मोठं बिट आधी आणि घासलेलं नंतर असा क्रम लावावा लागतो. तिथे हाच सर्चारचा रिपोर्ट असता तर बिट लाइफचा आकडा जवळपास बरोबर आला असता असं मला वाटतं. सिंधुदुर्गात क्वार्टझाइटमध्ये काम करणाऱ्यांनी तर ही टेस्ट केल्याशिवाय रेटच देऊ नये, तिथे नुसत्या बिटात दिवाळं निघतं. आमच्याकडे काळ्या पाषाणात बिटपेक्षा डिझेल महाग पडतं, हॅमर पुढे जावो न जावो कॉम्प्रेसर पीतच असतो, म्हणून देशावरच्या कॉन्ट्रॅक्टरला स्पीडचा आकडा जास्त कामाचा.

दुसरी गोष्ट सरासरीची. ही चूक लॅबची अर्धी आणि कोअर पाठवणाऱ्यांची अर्धी. दख्खनचा दगड एकसंध नाही, लाव्हाचे थरावर थर आहेत, कोयनेला गोठणे गावाजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी जे तीन किलोमीटरचं बोअर मारलं त्यात वरचे सव्वा किलोमीटर हे असे थरच थर आणि मग खाली ग्रॅनाइट आणि नाइस जातीचा जुना खडक लागला. प्रत्येक थराचं पोट घट्ट, डोकं भोकाभोकाचं, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी माती भाजल्यासारखी, लाल बोल म्हणतात ती. आता लॅबला काय जातं? चांगला अख्खा कोअर. चुरा झालेला भाग, लाल थर, भेगांचा पट्टा, याचा तुकडाच हातात येत नाही तर टेस्ट कशाची करणार. आणि आमचे तास नेमके तिथेच जातात. लाल थरात बिट भसकन खाली जातं, ऑपरेटरला वाटतं वा, आणि तेवढ्यात ओल असली की चिखल होऊन बिटची हवेची भोकं बुजतात, धूळ वर यायची बंद, रॉड अडकला. टेस्टच्या हिशोबाने तो सगळ्यात सोपा दगड आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ खाणारा. मामाच्या वहीत अशा रॉडपुढे फक्त "तांबडं, त्रास" एवढंच लिहिलेलं असतं, आणि खरं सांगू का, त्या दोन शब्दांत जेवढी माहिती आहे तेवढी रिपोर्टच्या त्या पानावर नव्हती. मांजऱ्याच्या भोकांत पण कुठे झिओलाइट असतं, मऊ, आणि कुठे गार भरलेली असते, एका पेटीतल्या दोन तुकड्यांचा सर्चार वेगळा येऊ शकतो. यांनी ते वेगळे आकडे दिले होते पण पहिल्या पानावर सरासरी, आणि पहिल्या पानापलीकडे मेन कॉन्ट्रॅक्टरचा मॅनेजर जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

बाकी किरकोळ. रिपोर्ट सांगितलेल्या तारखेपेक्षा आठवडाभर उशिरा, कारण चाळणीची खडी कमी पडली आणि परत सँपल मागवलं, हे आधीच सांगायला हवं होतं की डीआरआयला बराच दगड लागतो, एखाद्या बारक्या कोअरच्या तुकड्यावर होत नाही. फोटो छान, प्रत्येक पिनेचा फोटो लावला होता. रिपोर्ट सगळा इंग्रजीत, मामाला मी वाचून दाखवला. बिल वेळेत. फोन उचलतात.

पाचपैकी साडेतीन देतो. स्पीडसाठी पाच, बिटसाठी दोन. शेतात एक बोअर घ्यायचं असेल तर या भानगडीत पडू नका, शेजारच्या बोअरला किती फुटांवर काय लागलं ते विचारा, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडचा बोअरगाडीवाला तर फुटावर रेट सांगून मोकळा होतो आणि त्याला तुमच्या तालुक्यातला दगड तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतो. पण हजारो मीटरचं बेंच ड्रिलिंग फिक्स रेटमध्ये घेत असाल तर नक्की करा, फक्त फॉर्ममध्ये कॉम्प्रेसरचं खरं प्रेशर लिहा, कंपनीच्या प्लेटवरचं नाही.

पुढच्या कटिंगची पेटी त्यांच्याकडेच दिलीय. यावेळी लाल थराच्या वरचा आणि खालचा हातभर कोअर वेगळ्या पिशवीत, वर मामाच्या वहीतली त्या खोलीची नोंद चिकटवून, आणि बिटच्या रकान्यात झीज आणि फूट वेगवेगळी लिहून द्या असं ईमेलमध्ये लिहून कळवलंय. इंजिनिअरने उत्तर दिलंय, "करतो दादा, पण फुटण्याचा आकडा देता येणार नाही, ग्राइंडिंग किती मीटरवर करायचं ते लिहून देतो." चालेल म्हटलं.